थरथरणारा पडदा

"ताईऽऽ! पुन्हा हालला! मायं शेवटचं विमान होतं ना वं!"

छोट्या डोमाने व्हिडिओ गेमची दांडी सोडली आणि दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. काचेवरच्या उडत्या तबकड्या आधी कडेने आकसल्या, मग डुगडुगल्या आणि भप्पकन सगळं काळं झालं! मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरांनी एकच गिल्ला केला.

"गप्प बसा!" सत्यवती ओरडली. "ज्याचा डाव बुडाला त्याले पुन्हा मिळंल. रांग मोडू नका!"

१९८७ सालच्या त्या दिवाळीच्या सुट्टीत अख्ख्या मोहाडीत व्हिडिओ गेमची एकच मशीन होती. श्यामरावांनी ती नागपूरहून जुनी विकत आणली होती आणि आपल्या कापडाच्या दुकानाच्या पडवीत ठेवली होती. पण मशीनपुढे पोरांची झुंबड उडाली, की श्यामरावांना धड एक लुगडंही फाडता येईना. म्हणून त्यांनी शेजारच्या सत्यवतीला सकाळी आठ ते बारा कामावर ठेवलं. ती तेरा वर्षांची, आठवीतली, आवाज खणखणीत. पगार काय, तर रोज दोन डाव फुकट!

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. आल्या आल्या काच पुसायची. मशीन तापू नये म्हणून टेबलफॅन तिच्या पाठीशी लावायचा. पाटीवर नंबर लिहायचे. बुटक्या पोरांच्या पायाखाली खोकं द्यायचं. "तो कवाचा खेळून राहिला!" अशी भांडणं सोडवायची आणि कोणाची आई शोधत आली, तर खरं तेच सांगायचं. दुपारी घरी गेल्यावरही तिच्या कानात तबकड्यांची टिवटिव चालू असायची. तरी सत्यवतीला ते काम मनापासून आवडत होतं. मशीनचा प्रत्येक आवाज आता तिच्या ओळखीचा झाला होता.

गिऱ्हाइकाला सोडून श्यामराव तरातरा बाहेर आले. "पुन्हा बंद पडली? तुमी पोट्टे बटनं ठोकता, म्हणून होऊन राहिलं हे! नागपूरचा मेकॅनिक दोनदा पाहून गेला, त्याले काईच सापडलं नाही. सत्यवती, तुले कायले ठेवलं मी? आज पुन्हा बिघडली, तर उद्या हे धूड नागपूरले परत!"

मशीन आपोआप पुन्हा सुरू झाली होती. एवढ्यात पडदा पुन्हा थरथरला आणि सत्यवतीची नजर खाली टेबलफॅनवर गेली. त्याची पाती वेगळी वेगळी दिसत होती! पाहता पाहता ती पुन्हा गरगरली आणि दिसेनाशी झाली.

श्यामराव आत गेल्याबरोबर तिने खुशालला जवळ ओढलं. खुशाल तिच्याच वर्गातला, उंच, सडपातळ. झाडावर चढण्यात पटाईत.

"खुशाल, मशीन नाही बिघडली. पंखा पण मंद होऊन राहिला!"

"मंग? भूत हाय का वं?"

"भुताले कायले पंखा पाहिजे? मशीन आणि पंखा एकाच वेळी मंदावते, म्हणजे गडबड बाहेर आहे. कोणीतरी मधूनमधून खूप वीज खेचून राहिलं. तू समोरच्या धानाच्या गोदामाच्या जिन्यावर चढ. डोमा पंख्यापाशी बसंल. पंखा मंदावला का तो ओरडंल. त्याच वेळी कुठे काय चालू होते, ते तू पाहा!"

डोमा पंख्यापुढे मांडी घालून बसला. पाच मिनिटं काहीच झालं नाही. रांगेतली पोरं त्याला हसायला लागली. आणि मग तो किंचाळला, "मंदावलाऽऽ!"

खुशाल जिन्यावर टाचा उंचावून पाहत होता. पोह्यांची गिरणी आधीपासूनच चालू होती. शिंप्याची मशीन पायाने चालणारी, तिला वीज लागतच नव्हती.

"मंदावलाऽऽ!"

या वेळी खुशाल धडाधड पायऱ्या उतरत आला. "दिसलं! गोदामाच्या मागं निळा उजेड पडते! डोमा ओरडला का उजेड, थांबला का बंद!"

"वेल्डिंग!" सत्यवती म्हणाली.

बारा वाजता श्यामराव जेवायला घरी गेले आणि दुकान बंद झालं. तिघंही गोदामामागे धावली. पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगवाला बाबूलाल डोळ्यांपुढे काळी काच धरून भलंमोठं फाटक जोडत होता. ठिणग्या उडत होत्या.

"तिकडे नका पाहू, डोळे जातील!" सत्यवती म्हणाली. "वायर कुठून येते, ते पाहा."

शेडमधून निघालेली काळी वायर भिंतीच्या कडेने गल्लीत गेली होती. दुसरं टोक वर, विजेच्या उघड्या तारांवर! चोरून वीज घ्यायला बांबूने आकडे टाकले होते. पण खरा धोका खाली होता. गल्लीच्या मधोमध वायरला जोड होता. त्यावर नुसती चिंधी गुंडाळलेली, तीही सुटलेली. तांब्याच्या तारा उन्हात चमकत होत्या. शेजारीच हातपंप होता आणि सांडलेलं पाणी ओघळत ओघळत जोडापासून वीतभर अंतरावर आलं होतं!

नेमक्या त्याच वेळी पलीकडून आनंदाबाई घागर घेऊन आल्या. सत्तरीच्या, अनवाणी. त्यांच्यामागे बादल्या घेऊन तीन-चार बाया आणि पोरंसोरं.

"आजी, थांबा! पुढे नका येऊ!"

"काहून वं? पंप काय तुया बापाचा हाय?"

"आजी, पाण्यात करंट येईल! थांबा जी! सगळे इथंच थांबा, रांग लावा! पहिल्या आजी, मंग मावशी! कोणीच पुढे सरकायचं नाही!"

दुकानात रोज वापरायचा तोच आवाज होता तो. आनंदाबाई कुरकुरल्या, पण जागच्या जागी थांबल्या. सत्यवती हात पसरून आडवी उभी राहिली.

बाबूलालला वायर काढायला सांगायला गेलेला खुशाल तोवर परत आला. त्याचं तोंड पडलं होतं. "बाबूलालभाऊ ऐकत नाही! म्हणते, रोजच चालू हाय, काई होत नाही, चल पळ."

वायरला हात लावणं शक्य नव्हतं. पाणी तर सरकतच होतं. सत्यवतीने घाईघाईने विचार केला. या माणसाला विजेची भीती नाही. मग कशाची आहे? आकडा टाकणारा एकाच माणसाला घाबरतो!

"डोमा, शेडच्या मागं जा. आणि गावाले ऐकू जाईल असा ओरड, 'लाईनमन आला!'"

डोमाला ओरडायला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. "लाईनमन आलाऽऽ! लाईनमन आला होऽऽ!"

ठिणग्या थांबल्या. बाबूलाल बाणासारखा बाहेर आला, भिंतीशी ठेवलेला कोरडा बांबू उचलला आणि खट् खट् दोन्ही आकडे खाली पाडले. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुठं हाय लाईनमन?"

"नाही आला जी," सत्यवती म्हणाली. तिने जोडाकडे बोट दाखवलं. "पण हे पाहा."

बाबूलालने खाली पाहिलं. पाण्याचा ओघळ तेवढ्यात जोडाला येऊन टेकला होता. उघड्या तारा पाण्यात बुडाल्या होत्या. त्याने समोरच्या रांगेकडे पाहिलं, आनंदाबाईंच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

"मीटरचा अर्ज करतो, करतो, म्हणता म्हणता राहून गेला," तो कसाबसा म्हणाला. "शाळेचं फाटक सुट्टीत पुरं करून द्याचं होतं. माय, माफ कर मले."

आनंदाबाईंनी आधी त्याला चार शब्द सुनावले. मग घागर खाली ठेवून त्याच्या पाठीवर हात फिरवला.

आरडाओरडा ऐकून श्यामराव हातातला घास टाकून धावत आले. खुशालने त्यांना पंख्यापासून आकड्यापर्यंत सगळं सांगितलं. श्यामरावांनी वाकून तो ओला जोड पाहिला.

"पोरी, मी तुलेच बोलत होतो वं," ते म्हणाले. "मेकॅनिकले जे नाही समजलं, ते तुले समजलं! सांग, काय बक्षीस पाहिजे?"

त्याच दुपारी बाबूलाल स्वतः विजेच्या ऑफिसात गेला, सगळं कबूल केलं आणि मीटरचा अर्ज देऊन आला. मीटर लागेपर्यंत शेड बंद राहिली.

सत्यवतीने बक्षीस मागितलं, ते ऐकून श्यामराव आधी बुचकळ्यात पडले. आजवर एकही मुलगी खेळायला आली नव्हती. पोरांच्या गर्दीत घुसणार कोण? म्हणून सत्यवती म्हणाली, "सकाळचा पहिला तास फक्त मुलींचा!"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सहा मुली आल्या. आणि त्यांच्यामागे आनंदाबाई!

"पाहू दे वं, ज्याच्यामुळं मी वाचली ते काय हाय."

सत्यवतीने त्यांचा खरखरीत हात धरून दांडीवर ठेवला. तबकडी आली. आनंदाबाईंनी डोळे बारीक केले, बटण दाबलं आणि ढुम्!

"पडली!" सगळ्या मुली ओरडल्या.

"दुसरी कुठं हाय?" आनंदाबाईंनी पदर खोचत विचारलं.