मागच्यानं परत म्हणायचं

प्रीतम मेला तो माझ्या बापामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वस्तीत कोणालाही विचाराल तर सांगतील, झोपेत अटॅक आला, एवढंसं पोरगं, काय करता. अटॅक-बिटॅक काही नव्हता. बाप होता. भैय्याजी नाव त्याचं.

कोराडीच्या वीजकेंद्रामागं राखेचा एक जुना तलाव आहे, बंद पडलेला. तलाव म्हणजे पाणी नाही. एके काळी राख पाण्यात कालवून तिथं सोडत, ती सुकून बसली. भोवती मातीचा उंच बांध, आणि बांधावर एका चाकापुरती वाट. चढ, उतार, मधेच दगड, मधेच घोटाभर मऊ राख. मी आणि प्रीतम तिथं गिअरच्या सायकली चालवायचो, जाड टायरच्या, पुढं शॉकर असलेल्या. बांधावर कोणी फिरकू नये म्हणून जे गार्ड ठेवले होते, त्यांचा सुपरवायझर माझा बापच. म्हणून आम्हाला कोणी हटकत नसे.

प्रीतम पुढं, मी मागं. त्याच्या चाकाची राख अशी उडायची की मला माझ्या हँडलापलीकडं काही दिसत नसे. म्हणून आमचा एक कायदा होता. पुढच्यानं ओरडायचं: दगड! मऊ! डावीकडं! मोकळं! आणि मागच्यानं तोच शब्द परत म्हणायचा. परत ऐकू आला की पुढच्याला कळायचं, मागचा अजून मागं आहे. मागच्यानं आपल्या मनानं काही म्हणायचं नाही. डोळे मिटून चालवल्यासारखंच होतं ते, आणि त्यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मोठ्या वळणावर प्रीतम ओरडलाच नाही. सरळ खाली गेला. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. उठला, कपडे झटकले, हसला. "अबे, शब्दच नाही सुचला," म्हणाला.

आमच्या क्वार्टरवर आलो तोवर तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारायला लागला होता. "आपण सायकली आणल्या ना बे?" मग उलटी झाली. त्याची आई, मायाकाकू, धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया. रात्रपाळीला होती. एका फोनचं काम होतं. मी लावतही होतो. बापानं फोन हातातून काढून घेतला.

"काही होत नाही. झोपू दे त्याले. आणि बांधावर गेल्ते म्हणून कोणाले सांगू नको."

रिटायरमेंट तोंडावर आली होती ना. साहेबानं विचारलं असतं, भैय्याजी, तुमच्याच घरची पोरं आत कशी? तेवढ्यासाठी. सकाळी प्रीतम उठला नाही. वस्तीतल्या डॉक्टरकडून अटॅक लिहून घेताना बाप त्याच्या खांद्याशी उभा होता. मी मायाकाकूला सांगायला निघालो, तर आईनं दारातच माझे पाय धरले. स्वतःच्या पोराचे पाय. अशी आमची वडीलधारी माणसं.

मग मी पॉलिटेक्निक सोडलं. वाडीच्या एका गोडाऊनमध्ये ट्रक उतरवायला लागलो. बापानं माझी सायकल छताच्या हुकाला टांगली, वरून साखळी आणि कुलूप. क्वार्टर सुटलं, वस्तीतल्या घरात आलो, तिथंही ती तशीच टांगली. दोन वर्षं मी तिच्या चाकाखाली झोपलो.

त्याच दोन वर्षांत बापाच्या गळ्यात गाठ निघाली. खर्रा आणि बिडी, दोन्ही. धंतोलीतच ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरी जाळी. श्वास तिथून येतो-जातो, शब्द मात्र नाही. 'झोपू दे त्याले' ज्या गळ्यातून निघालं तोच गेला, याचं मला वाईट वाटलं असं खोटं सांगणार नाही. काही हवं असलं की तो चमच्यानं ताट वाजवतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. जाळ्या संपल्या होत्या, आईनं मला मेडिकलमध्ये जायला सांगितलं. गाडी मामानं नेलेली. मी वर बघितलं, गोडाऊनमधून आणलेली करवत काढली आणि साखळी कापायला लागलो. बापानं ताट वाजवायला सुरुवात केली. थांबेचना.

"काहून वाजवून राहिले?" मी म्हटलं. "बोला ना तोंडानं. म्हणा, सायकल नको काढू."

"धम्मा, असं बोलतात काय गा बापाले?" आई म्हणाली.

"बोलायचं तेवढं ते बोलून बसले आहेत."

ताट थांबलं.

दोन वर्षांनी सायकलवर बसलात तर तुम्हाला कळेल, शरीर किती हलकट असतं. सगळं विसरतं. सीट दगडासारखी लागली. चौकापर्यंत मांड्या पेटल्या, छातीत शिट्टी वाजायला लागली. चढावर गिअर कधी पाडायचा हे अंगठ्याला आठवेना. पोती उचलून उचलून खांदे बैलासारखे झालेले, पाय मात्र म्हाताऱ्याचे. तरी जाळ्या घेऊन मी घरी वळलो नाही. हँडलच मला घेऊन चाललं होतं... निदान मला तरी तसंच आठवतं.

बांधावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चिमणीचा धूर आडवा पसरलेला. सुकलेल्या राखेला वास नसतो म्हणतात. असतो. विझवलेल्या चुलीचा असतो, कोणी नुकतंच घर सोडून गेल्यासारखा. वारा नव्हता. वाटेवर चाकाची एकही खूण नव्हती. मी हळूहळू निघालो, धापा टाकत, मान खाली घालून.

"मऊ!" मी ओरडलो, आणि वजन मागं घेतलं. पुढचं चाक राखेत रुतलं, वळवळलं, निघालं.

दहा-बारा पॅडल मारल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मागचा आहे. मागचा आपल्या मनानं कधी बोलत नाही. मी 'मऊ' परत म्हटलं होतं... म्हणजे आधी कोणीतरी म्हटलं होतं.

पाय थांबवले नाहीत. थांबवायची हिंमत नव्हती. आणि मग पुढून, राख उडत असते तिथून, पण राख उडत नव्हती...

"दगड!"

"दगड," मी म्हटलं. माझा आवाज रडका निघाला. चाकाखाली दगड आला.

आमच्या घरात भूत मानत नाहीत. आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली तेव्हाच देव, भूत, अंगात येणं, सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. ते बरोबरच केलं, मीही मानत नाही. पण प्रीतमचा आवाज मी ओळखतो. 'दगड'मधला 'ड' तो अर्धाच गिळायचा.

त्यानंतर मी रोज गेलो. गोडाऊन सुटलं की बस, बसमधून उतरलो की सायकल. भीती वाटायची, पण पोट भरल्यासारखंही वाटायचं. पायांना हळूहळू आठवायला लागलं. चढावर उभं कसं राहायचं, उतारावर कोपर कसे सैल सोडायचे, ब्रेकवर दोनच बोटं. दोन वर्षांत मी कोणाशी धड बोललो नव्हतो, आणि इथं रोज संध्याकाळी चार शब्द मिळत होते. दगड. मऊ. डावीकडं. मोकळं. तेवढेच. दुसरं काही तो बोलत नसे. मी एकदा विचारलं, "लय दुखलं काय बे तुले?"



"डावीकडं," तो म्हणाला. हळू.

"डावीकडं," मी म्हटलं, आणि वळलो. दुसरं काय करणार.

मोठ्या वळणाआधी मात्र आवाज बंद व्हायचा. मीही तिथून सायकल फिरवायचो. ते आमच्यात न बोलता ठरलं होतं.

मग दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. मी घरात अडकलो. बाप कोपऱ्यात बसून माझ्याकडं बघायचा, जाळीतून श्वासाची खरखर. तिसऱ्या दिवशी गोडाऊनला दांडी मारून मी दुपारीच निघालो. बाप उठून दाराशी आला. मी त्याच्या बाजूनं सायकल काढली.

ओली राख काळी दिसत होती. आवाज पहिल्यापेक्षा जवळ होता. सायकलभर अंतरावर, जसा पूर्वी असायचा. दगड, दगड. मऊ, मऊ. माझे पाय पहिल्यासारखे चालत होते, छाती मोकळी, आणि वळण आलं तरी आवाज थांबला नाही. पुढंच गेला. तो कधी नव्हे ते हसत होता, शब्दात हसू मिसळलेलं...

"मोकळं!"

"मोकळं!" मी ओरडलो आणि मोठ्या गिअरवर घेतलं. डोळे मिटले होते की उघडे, आता सांगता येत नाही. मला एवढंच हवं होतं, की त्याच्या मागून त्या वळणापलीकडं जावं. त्या दिवशी जायचं राहिलं होतं तिथं.

"थांब!"

मागून. अगदी कानाशी. बिडीनं खरबरीत झालेला, हुकमी, माझ्या बापाचा आवाज.

बोटांनी माझ्याआधी ऐकलं. लहानपणापासूनची सवय. दोन्ही ब्रेक गच्च दाबले गेले, मागचं चाक आडवं आलं, मी गुडघ्यावर पडलो आणि फरफटत गेलो.

माझ्या हाताच्या पुढं बांध नव्हता. पावसानं कापून नेला होता. खाली ओल्या राखेवर गुळगुळीत साय धरलेली, साधी जमीन वाटावी अशी. माझ्या धक्क्यानं सुटलेला एक दगड तिच्यावर पडला. आवाज न करता, सावकाश, आत गेला. वर साय परत जुळली.

मागं वळून बघितलं. वाटेवर कोणी नव्हतं. माझ्या एका सायकलीची खूण, बस.

आणि खिंडाराच्या पलीकडून, पुन्हा एकदा...

"मोकळं..."

विचारल्यासारखं. मागचा अजून मागं आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. शब्द माझ्या तोंडात होता. मी तिथं गुडघे टेकून बसलो, आणि तो शब्द बाहेर आला नाही.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. हातात ओलं फडकं, चेहरा पांढरा.

"आत्ता ओरडले गा ते," ती कुजबुजली. "साफ. पहिल्यासारखे. थांब म्हणून... माझ्या हातचं पातेलं पडलं."

"बाहेर गेल्ते?"

"दारातून तर हललेच नाही. तू गेल्यापासून तिथंच." तिनं माझा हात घट्ट धरला. "कोणाले सांगू नको गा, धम्मा."

बाप उंबऱ्याशी खुर्चीत बसला होता. घामानं भिजलेला. जाळी मी सकाळीच बदलली होती, पांढरीशुभ्र. मी ती सोडवून हातात घेतली. तिच्यावर ओल्या राखेचा काळा डाग होता. बाहेरच्या बाजूनं नाही. गळ्याच्या बाजूनं.

"बोला," मी म्हटलं. "आता बोला ना परत."

त्यानं चमचा उचलला, आणि ताट न वाजवता खाली ठेवला.

बांधावर नंतर मुरूम टाकला. वाट आता वळणापलीकडं सरळ जाते. मी रोज जातो. पाय पूर्ण परत आलेत, असे तर तेव्हाही नव्हते. पुढं सायकलभर जागा सोडून चालवतो आणि मागचा आहे म्हणून गप्प राहतो. चेन वाजते, टायर वाजतो. बाकी काही नाही.

बापाच्या एका आवाजावर माझा मित्र दोनदा गेला.