कासवासाठी काच मिळणार नाही

नेहमीचं काचेचं दुकान त्या दिवशी बंद होतं, म्हणून ती दोन गल्ल्या पुढच्या दुकानात शिरली. छत्री मिटली, चप्पल पायपुसण्यावर घासली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काचांमध्ये बाहेरचा पाऊस सात-आठ वेळा पडत होता.

टेबलावर वाकलेला माणूस काच कापत होता. त्याने एक बारीक रेघ ओढली, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाब दिला, आणि... टक्! इतकी सरळ कापली गेली की तिला हेवाच वाटला. ती पडदे शिवायची. तिचं कापड कधी इतकं शहाण्यासारखं वागत नसे.

“चार बाजू आणि एक तळ,” कागद पुढे सरकवत ती म्हणाली. “तीन फूट लांब, दीड फूट रुंद. कधी मिळेल?”

त्याने कागद पाहिला. त्याच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. “मासे पाळणार?”

“कासव. जमिनीवरचं. माझ्या आत्याचं आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तीन महिने ती मुलाकडे राहणार आहे, तोवर कासव माझ्याकडे. नाव ठोंब्या. आणखी काही माहिती हवीय?”

“नको.” त्याने कागद परत केला. “कासवासाठी काच मिळणार नाही.”

“म्हणजे? हे काचेचंच दुकान आहे ना?”

“म्हणून तर सांगतोय. कासवाला काच कळत नाही हो. पलीकडचं दिसतंय म्हणजे जाता येणार, असंच वाटतं त्याला. दिवसभर डोकं आपटत बसेल. लाकडाच्या भिंती करा. दिसलं नाही की नाद सोडतो.”

“दुकानदारानं गिऱ्हाईक परत पाठवलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.”

“मीही आज पहिल्यांदाच पाठवतोय,” तो म्हणाला आणि एकदम हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हसत होता, दुसरा मागून येत होता. ते तिच्या लक्षात आलं आणि आपल्या लक्षात का आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ती फणकाऱ्यानेच बाहेर पडली. पण घरी येऊन पाहते तर काय... ठोंब्या प्लॅस्टिकच्या टबातून कसाबसा निसटून बाल्कनीच्या काचेच्या दारापाशी पोचला होता आणि नाक दारावर टेकवून पाय मारत होता. खर्र, खर्र. पलीकडे कुंड्या होत्या, हिरवी पानं होती. तिने त्याला उचलून मागे ठेवलं. दहा मिनिटांत तो पुन्हा तिथेच. नाकाचं टोक लाल झालेलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या दुकानात गेली.

“बरं, लाकडाच्या,” ती म्हणाली. “पण मला सुतारकाम येत नाही.”

“मला थोडं येतं. खिडक्यांच्या चौकटी करतो ना मी.” त्याने पेन्सिल कानामागे खोचली. “तुम्ही काय करता?”

“पडदे शिवते.”

“अरे वा! मी घरात उजेड आणतो आणि तुम्ही तो अडवता.”

“उजेड अडवत नाही, आवरते,” ती म्हणाली. त्याने हसून मान तुकवली, आणि तिचा आदल्या दिवशीचा राग निवळला.

रविवारी तो एका जुन्या दाराची फळी खांद्यावर घेऊन चार मजले चढून आला. दोघांकडेही मोजायची टेप होती. तो सेंटिमीटरमध्ये बोलायचा, ती इंचात. त्यावरून अर्धा तास वाद झाला. शेवटी ठोंब्याच टेपवर येऊन बसला.

संध्याकाळपर्यंत खिडकीजवळ एक रुंद उघडी पेटी तयार झाली. वीतभर उंच भिंती, आत माती आणि वाळू कालवून पसरलेली. एका टोकाला वरून दिवा, तिथे ऊब. दुसरं टोक गार. गार टोकाला अर्धी मडकी पालथी घातलेली, लपायला. पाण्यासाठी इतकी उथळ ताटली की पाय बुडतील, नाक बुडणार नाही.

“पण खिडकीतून ऊन येतं की सकाळी,” ती म्हणाली. “दिवा कशाला?”

“काचेतून ऊब येते. पण कवच घट्ट करणारं जे उन्हात असतं ना, ते काच आत सोडत नाही. त्यासाठी हा वेगळा दिवा. आणि पाऊस नसेल तेव्हा अर्धा तास बाल्कनीत, खऱ्या उन्हात.” तो क्षणभर थांबला. “काचवाल्यानं काचेची इतकी निंदा करू नये खरं तर.”

मग त्याने विचारलं, “खायला काय देता?”

“दूध-पाव. आत्यानं लिहून दिलंय. तीस वर्षं तेच खातो.”

तो ठोंब्याला हातात घेऊन त्याच्या कवचावरून अंगठा फिरवू लागला. कवच ठिकठिकाणी उंचवटे येऊन वेडंवाकडं झालं होतं.

“लहानपणी माझ्याकडे एक होतं,” तो हळूच म्हणाला. “मीही दूध-पाव द्यायचो. माझ्या वाटचं दूध. दोन वर्षांत त्याचं कवच मऊ पडलं... मग गेलं. कुणी काही चुकीचं केलंय असं घरात कुणाला वाटलंच नाही. मी मोठा झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं. इतक्या मायेनं मी त्याला मारत होतो.”

तिने त्याच्या हातातून ठोंब्याला घेतलं. घेताना बोटांना बोटं लागली. दोघांनीही ठोंब्याकडेच पाहिलं.

त्यानंतर एक दिवसाआड संध्याकाळी बेल वाजू लागली. दारात तो आणि त्याच्या हातात पाल्याची पिशवी. जास्वंदीची पानं, तुतीची पानं, मोकळ्या जागेवरचं गवत, कधी एखादं फूल. “फूल ठोंब्यासाठी आहे,” तो मुद्दाम सांगायचा. “विचारलं कुणी?” ती म्हणायची. मग एकदा पिशवीत दोन फुलं निघाली. दुसऱ्याबद्दल तो काही बोलला नाही. तिनेही विचारलं नाही, पण ते ठोंब्याच्या ताटात गेलं नाही.

आत्याचा फोन मात्र रोज यायचा. “चिमे, खातोय ना गं माझा ठोंब्या? दूध कोमट करून देतेस ना?”

“हो आत्या, मजेत खातोय,” ती म्हणायची आणि फोन ठेवल्यावर तिचं मन तिलाच खाऊ लागायचं. तीस वर्षं जिने त्याला पोटच्या पोरासारखं जपलं, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुझंच चुकलं म्हणून?

दुसरा महिना संपत आला आणि ठोंब्याने खाणं सोडलं. पानांकडे ढुंकून पाहीना. दिवसभर भिंतीच्या कडेने फेऱ्या मारायचा, मागच्या पायांनी माती उकरायचा, तळाच्या फळीला पाय लागला की थांबायचा, पुन्हा दुसरीकडे उकरायचा. तिसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला. काचवाला पिशवी घेऊन दारात उभा राहिला तशी ती फाडकन बोलली, “तुमच्या या पाल्यानंच झालंय हे! तीस वर्षं धडधाकट होता तो. मी तुमचं ऐकलं... आत्याला मी काय तोंड दाखवू?”

त्याचा चेहरा उतरला. पण तो परत फिरला नाही.

“माझं चुकलं असेल,” तो म्हणाला. “नंतर हवं तेवढं बोला. आधी डॉक्टरकडे चला.”

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी ठोंब्याचा एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. कवचाच्या आत चार गोल, पांढरे, स्वच्छ.

“हा तुमचा ठोंब्या,” बाई म्हणाल्या, “ठोंबी आहे.”

दोघांनीही माना एक्स-रेजवळ नेल्या.

“चार अंडी आहेत. नराशिवाय झालेली, पिल्लं व्हायची नाहीत. पण बाहेर यायलाच हवीत. तिला खोल माती हवीय, तुम्ही सांगता ती चार बोटंच आहे. जागा मिळत नाही म्हणून धरून ठेवलीयेत. चार दिवस वाट बघू. नाही तर इंजेक्शन, आणि त्यानंही नाही झालं तर ऑपरेशन. या वयात ते नको.” मग कागदावर लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, “पाला उत्तम देताय. त्यामुळेच आज ती हे सोसू शकेल.”

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, “मघाशी मी...”

“माती कुठे मिळेल त्याचा विचार करतोय मी,” तो म्हणाला. तिला पुढचं बोलावं लागू नये म्हणूनच तो असं म्हणाला, हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही. पेटीच्या एका टोकाला खाली खोल खोका जोडला, आणि दोघांनी मिळून मातीच्या अकरा गोण्या चार मजले वर आणल्या. कोपरापर्यंत हात जाईल इतकी माती भरली, कोमट पाणी शिंपडून दाबली. ठोंबी आली, तिने माती हुंगली, आणि माणसं दिसताच मान आत घेऊन बसली.

“लाजतेय,” तो म्हणाला.

“मग पडदा लावू या. आता माझं काम,” ती म्हणाली, आणि दाट निळ्या कापडाचा एक पडदा पेटीसमोर टांगला.

दोन दिवस गेले. काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला होता. तो नुकताच आला होता, आणि पडद्यामागून माती उडाल्याचा आवाज आला. दोघं पावलं न वाजवता पडद्यापाशी गेले. बघायला फट एकच होती. ती खाली वाकली, तो तिच्या डोक्यावरून बघू लागला. त्याच्या शर्टाला भिजल्याचा वास होता.

ठोंबी मागच्या पायांनी उकरत होती. एकदा डावा, एकदा उजवा, जराही घाई नाही. तास गेला. फटीपासून ती हलली नाही, तोही नाही.

“दमलीस?” तो कुजबुजला.

आजवर ‘तुम्ही’ होतं. ते त्याच्याही लक्षात आलं, कारण त्याचा श्वास अडकला.

“नाही,” ती म्हणाली.

पहिलं अंडं आलं. ओलं, पांढरं, खड्ड्यात अलगद घरंगळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नकळत मागे हात नेला आणि तो त्याच्या हातात गेला. पट्ट्यांच्या खरखरीत कडा तिच्या तळव्याला लागल्या.

दुसरं. तिसरं. मग खूप वेळ काही नाही... आणि मग चौथं.

“ऐक,” तो इतक्या हळू म्हणाला की पावसात विरून जावं. “कासव आत्यांकडे गेलं तरी मला यायचंय इथे. पाल्याशिवाय. तुझ्यासाठी. चालेल?”

तिला उत्तर द्यायचं होतं. पण पडद्यापलीकडे ठोंबी एकेक पाय मातीवर फिरवून खड्डा बुजवत होती, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आत्या!

तिने धावत जाऊन उचलला. आज तिने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दूध-पाव, कवच, पाला, एक्स-रे, अंडी.

“आत्या? रागावलीस?”

“तीस वर्षं,” आत्याचा आवाज फुटला, “तीस वर्षं मी तिला ‘अरे’ म्हणत होते गं...” आणि ती रडता रडता हसायला लागली. “बरी आहे ना ती? मग झालं. मला सगळं नीट शिकव. कुठला पाला, किती माती. आल्यावर मी तसंच करीन.”

मागे त्याने, ठोंबी पाणी पिऊ लागलेली पाहून, न राहवून मोठ्याने म्हटलं, “प्याली! पाणी प्याली!”

“कोण गं ते?” आत्याने लगेच विचारलं. “घरात कोण आहे?”

ती वळली. तो पडदा हातात धरून उभा होता, बाहीला माती, कानामागे पेन्सिल, चेहऱ्यावर न मिळालेल्या उत्तराची धाकधूक.

“माझा माणूस आहे, आत्या,” त्याच्याकडे बघत ती म्हणाली. “तू आलीस की भेटवते. तेव्हाही तो इथेच असेल.”