वारूळवाडीची भरती

रुपेशच्या पत्र्याच्या शेडमध्ये कांद्याच्या रिकाम्या बारदानाच्या पिशव्या होत्या, ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी होती आणि एक होडी होती. वारूळवाडीत होडी म्हटल्यावर नवा माणूस हसायचाच. मीना नदीत उन्हाळ्यात म्हैससुद्धा धड डुंबत नाही, तिथं समुद्रातली होडी कशाला, असं गावात आलेले पाहुणे विचारायचे. उत्तर द्यायचं काम तन्वीरचं होतं.

रुपेशचं नारायणगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आणि तन्वीरची जुन्नरात बेकरी. कॉलेजात दोघं एका बाकावर बसायचे. तन्वीर एकदा मुरूडला फिरायला गेला, तिथं खडकावर बसून कुणाचातरी गळ हातात धरला आणि त्याला जिताडा मासा लागला. तेव्हापासून हा माणूस कामातून गेला. रुपेशला त्याने ओढलं. दोघांनी मिळून फायबरची ही जुनी होडी घेतली, पांढरी, काठाला निळा पट्टा असलेली. पावसाळा सरला की जीपला ट्रेलर जोडायचा आणि पेण-रोह्याच्या रस्त्याने राजपुरीच्या खाडीकडे निघायचं. बेकरीतले गरम पाव पिशवीत असायचे. ते घाटाच्या आधीच संपायचे.

समुद्रावरून आल्यावरचं काम मात्र रुपेशला जास्त आवडायचं. खारं पाणी लोखंड खातं. म्हणून इंजिनाचा पंखा गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ते बराच वेळ चालू ठेवायचं, गळाची रिळं धुवून त्यांना तेल द्यायचं, ट्रेलरच्या चाकांना ग्रीस भरायचं, लाइफ जॅकेटं सावलीत वाळत घालायची. तन्वीर या कामात निम्मा वेळ गप्पाच मारायचा. पण एका गोष्टीत तो फार कडक होता. इंजिनाच्या बटणाला लावलेली एक लाल दोरी असते, ती चालवणाऱ्याने मनगटाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला तर दोरी निसटते आणि इंजिन जागेवर बंद होतं. होडी त्याला सोडून पळत नाही. तन्वीर ती दोरी लावल्याशिवाय चावीला हात घालायचा नाही.

नोव्हेंबरात रुपेशच्या सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं, म्हणून तन्वीर एकटाच गेला.

दोन दिवसांनी कोळ्यांना होडी सापडली, खोल पाण्यात, वाऱ्यावर हलत असलेली. इंजिन बंद होतं. लाल दोरी नव्हती. दोनपैकी एक जॅकेट नव्हतं. गळाची काठी खोबणीत तशीच उभी होती आणि तिची तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटलेली होती. तन्वीर सापडला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पोलिसांचे कागद झाल्यावर रुपेश जाऊन होडी घेऊन आला. शेडमध्ये लावली आणि सवयीने पाण्याचा पाइप हातात घेतला. होडीच्या मागच्या बाजूला, इंजिनाच्या शेजारी, पाण्याखाली राहणाऱ्या भागावर पावसाळ्यातल्या ओलीचं हिरवट शेवाळ तसंच राहिलं होतं. त्या शेवाळावर ओरखडे होते. चार चार बोटांचे, खालून वर गेलेले, एकावर एक. काठापर्यंत एकही पोहोचला नव्हता.

रुपेश पाइप तसाच सोडून खाली बसला. होडी पळाली नव्हती. ती थांबली होती आणि तन्वीर पोहत तिच्यापर्यंत आलाही होता. पण काठ उंच, अंगावरचे कपडे भिजून जड झालेले, आणि पाय ठेवायला काहीच नाही. मागे शिडी बसवून घेऊ, असं दोघं दर मोसमाला म्हणायचे.

त्याने ते ओरखडे घासून काढले. रुबिनाच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

रुबिना तन्वीरची बायको. मयतच नाही तर नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीला मी कशाला बसू, असं ती सगळ्यांना सांगायची. काझीसाहेबांनीही घाई करू नका म्हटलं होतं. तिने बेकरी चालू ठेवली. संध्याकाळी बाकीची दुकानं बंद झाली तरी तिचं शटर अर्धं उघडं असायचं. तन्वीरची आई, ताहेराबी, मात्र दुसऱ्याच महिन्यात रुपेशला म्हणाल्या, "बाळा, ती होडी इकून टाक. तिचं नाव निघालं की माझ्या पोटात तुटतंय."

कळंबच्या सावळारामला ती डिंभे धरणाच्या पाण्यासाठी हवी होती. त्याने पौर्णिमेनंतर बघायला येतो म्हणून फोन केला. ट्रेलर तयार ठेवावा म्हणून रुपेश पौर्णिमेच्या दुपारी ग्रीसचा डबा घेऊन शेडमध्ये शिरला.

ट्रेलरवर मधोमध रबराचे रोलर असतात. होडीचा कणा त्यांच्यावर टेकलेला असतो. इंजिनासकट सगळं वजन त्यांच्यावर असल्याने रोलर पहारीनेही हलत नाही. रुपेशने ग्रीस लावायला बोट टेकवलं आणि रोलर गरकन फिरला.

त्याने दुसऱ्याला हात लावला. तोही फिरला. त्याने वाकून पाहिलं. होडीचा कणा आणि रोलर यांच्यामध्ये पलीकडचं ऊन दिसत होतं.

तो उठला, बाहेर आला, हौदावर तोंड धुतलं. परत गेला तेव्हा होडी खाली टेकत होती, अगदी सावकाश. रोलर दाबला जाताना रबराचा बारीक आवाज झाला. शेडमध्ये खाडीच्या चिखलाचा वास होता. जमीन कोरडी ठणठणीत.

जेवताना बायको, कल्याणी, म्हणाली, "शेडात बिबट्या शिरला व्हता का वो? दुपारी काहीतरी आदळल्यावानी वाजत व्हतं."

ते रुपेशला पटलं, किंवा त्याने पटवून घेतलं. आजूबाजूला ऊस उभा, बिबटे तर कुणाच्याही गोठ्यात शिरतात. त्याने होडीभोवतीची माती दाताळ्याने सारखी केली. दुसऱ्या दिवशी त्या मातीवर चिमण्यांची पावलं होती, दुसरं काही नव्हतं. पण दुपारी होडी पुन्हा उचलली, आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिरा. पुढच्या दिवशी आणखी उशिरा.

रुपेशच्या मोबाइलमध्ये भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप होतं. तन्वीरनेच त्यात घालून दिलेलं. ते त्याने उघडलं, राजपुरी काढली, आणि वेळ बघून मोबाइल खिशात ठेवला. मग शेडच्या दारात स्टूल टाकून बसला. समुद्र तिथून घाट उतरून दिवसभराच्या वाटेवर. खाडीत पाणी चढायला लागलं असेल, तसा होडीचा पुढचा दोर ताणला गेला आणि कण्याखाली ऊन दिसायला लागलं.

सावळारामला त्याने फोन करून सांगितलं की होडीचं काम निघालंय.

मग रुबिना आली. सासूने होडी विकायला सांगितल्याचं तिला कळलं होतं आणि विकायच्या आधी तन्वीरच्या गळाच्या काठ्या न्यायच्या होत्या. रुपेशला तिला दारातच थांबवायचं होतं. पण ती सरळ आत गेली आणि तिने होडीच्या काठावर हात ठेवला. भरतीची वेळ होती.

"रुपेशभाऊ," ती म्हणाली, "ही हलतीय."

"हां."

"वारं न्हाई, काय न्हाई."

"भाभी, तुमी बाहेर या. काठ्या मी आणून देतो."

ती जागची हलली नाही. तेवढ्यात होडीचा मागचा भाग खाली गेला. धक्का बसल्यासारखा नाही, कुणी दोन्ही हातांनी काठ धरून अंगाचं वजन टाकावं तसा. थोडा वेळ तसाच राहिला. मग एकदम सुटला आणि होडी दोन्ही बाजूंना डुलली. पुन्हा खाली गेला. पुन्हा सुटला. दर वेळी मधे थोडा थोडा जास्त वेळ जात होता.

रुबिनाचा हात काठावरच होता. "हे दमल्यात," ती म्हणाली. "दम खाऊन परत बघतात."

रुपेशला राहवलं नाही. शेवाळावरचे ओरखडे त्याने तिला सांगितले, आपण ते पुसल्याचंही सांगितलं. ती रडली नाही. होडी खाली टेकेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "मंग शिडी लावा की, भाऊ. कशाची वाट बघताय?"

शिडी करायला फार काही लागलं नाही. स्टीलचा पाइप, चार पायऱ्या, बिजागरी. दुकानातच त्याने वेल्डिंग केलं, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, हाताला लागू नयेत म्हणून. बोल्टांखाली रबरी वॉशर घातले, फटी नीट बुजवल्या, पाणी आत जाऊ नये म्हणून. समुद्रात न्यायची असती तर केलं असतं तसंच सगळं केलं. शेवटची पायरी पाण्याच्या रेषेच्या बरीच खाली ठेवली. दमलेल्या माणसाला पाय उचलता येत नाही.

भरती रोज येत होती, पण अमावास्येच्या आधीचे ते दिवस भांगाचे होते. पाणी कमी चढायचं आणि होडी जेमतेम हलकी व्हायची. उधाण अमावास्येला, भर दुपारी. त्या दिवशी रुबिना ताहेराबींना घेऊन आली. त्यांना तिने काय सांगितलं आहे हे रुपेशने विचारलं नाही. म्हातारी कांद्याच्या पिशवीवर बसली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. कल्याणी दारात उभी राहिली. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून ती आली होती.

होडी उचलली. दोर ताणला गेला.

मागचा भाग खाली गेला, सुटला.

पुन्हा गेला, आणि शिडी कुरकुरली. सगळ्यात खालच्या पायरीचा पाइप किंचित वाकला. मग बराच वेळ काही झालं नाही.

"या," रुबिना हळूच म्हणाली. "या की."

दुसरी पायरी. तिसरी. होडी एवढी कलली की रुपेशचे हात आपोआप पुढे झाले. मग काठावरून काहीतरी आत पडावं तशी ती हादरली, डावी-उजवीकडे डुलली आणि सरळ झाली. मधल्या फळीने कर्रकन आवाज केला.

ताहेराबींचे ओठ हलत होते. पुटपुटणं संपल्यावर त्यांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले आणि म्हणाल्या, "थंडी वाजत आसंल त्याला." अंगावरची शाल काढून त्यांनी रुपेशकडे दिली. रुपेशने ती मधल्या फळीवर ठेवली. ठेवताना फळी ओली लागली.

रुबिनाने हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, ओढणीच्या टोकात बांधल्या, आणि पहिल्यांदा रडली. रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर थांबला एवढ्या मोठ्याने रडली. दुसऱ्या दिवशी ती इद्दतीला बसली. बेकरीचं शटर संध्याकाळी पूर्ण खाली आलं.

होडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

रुपेशला वाटलं, झालं. त्याला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली. दुकानात गिऱ्हाइकांशी तो बोलायला लागला. शेडकडे तो फिरकला नाही. आता तिथं कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याला बसू द्यावं, असं त्याला वाटायचं. पुढच्या पौर्णिमेला मात्र तो गेला. मित्राकडे जावं तसा गेला. येताना चार पाव आणले होते, ते काठावर ठेवले आणि स्टुलावर बसला.

भरतीला होडी उचलली, पण पूर्वीपेक्षा कमी. आता तिच्यात एका माणसाचं वजन होतं. रुपेशला त्याचं बरंच वाटलं.

"तन्वीर," तो म्हणाला.

मग होडीचा मागचा भाग खाली गेला.

रुपेशला आधी वाटलं, तो उतरतोय. पण फळी कुरकुरली नव्हती. आतलं वजन आतच होतं. शिडीची सगळ्यात खालची पायरी दबली होती, अगदी थोडी, लहान पोराने पाय ठेवावा इतकीच.

तन्वीर एकटाच गेला होता.

पायरी सुटली. परत दबली. परत सुटली.

फळी वाजली. आतलं वजन उठलं आणि मागच्या बाजूला सरकत गेलं. होडी शिडीकडे कलली आणि कललेलीच राहिली, कुणी काठावरून खाली वाकून हात पुढे केल्यासारखी. मग एक हलका हेलकावा बसला. मागचं वजन मधल्या फळीवर परत आलं. आता ते थोडं जास्त होतं.

रुपेश उठून शेडच्या दारापर्यंत गेला. बाहेर लख्ख ऊन होतं, उसाला पाणी चालू होतं, कल्याणी जेवायला हाक मारत होती. शिडी काढायला चार बोल्ट होते, आणि पाना खिशात होता.

त्याने मागे वळून पाहिलं. खालची पायरी परत दबली होती, आणि तिच्याखाली, पाइपाच्या टोकाला, दुसऱ्या कुणाचंतरी वजन लोंबकळत होतं.