त्याच्या नावाची पत्रं

"तीन पत्रं पाठवली आम्ही. एकाचंही उत्तर आलं नाही," दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, आणि ताईचा पाय मशीनच्या पायडलवर जागच्या जागी थिजला. सुई निम्म्या टाक्यात कापडात रुतून राहिली.

त्यातली दोन पत्रं हातभर अंतरावर होती! मशीनच्या खणात, रिळांच्या खाली, घड्या घालून ठेवलेली. तिसरं तर तिने चुरगाळून कचऱ्यात टाकलं होतं. तिन्हींवर नाव होतं तिच्या भावाचं, धाकट्याचं.

बाई समाजकल्याण कार्यालयातल्या होत्या. आत आल्या, खुर्ची ओढून थेट धाकट्याच्या चाकाच्या खुर्चीसमोर बसल्या आणि फाइल उघडत म्हणाल्या, "तुम्हीच अर्ज केला होता ना? नव्या धोरणाखाली? स्वतंत्र राहण्यासाठी मदतनीस हवा म्हणून?"

"त्याला बोलायला त्रास होतो हो," ताई घाईघाईने उठली. "मला विचारा ना. बावीस वर्षं मीच करते त्याचं सगळं."

"मला वेळ आहे, ताई. त्यांच्याकडून ऐकायचंय मला."

ताईचा चेहरा उतरला. बावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं! आई गेली तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता. जन्मापासून हातपाय वाकडे, जीभ जड, डोकं मात्र तल्लख. ताईने तीन स्थळं नाकारली, शिवणकाम घरी आणलं, त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शिकवलं. आता तो एका बोटाने संगणकावर टंकून मुलांना गणित शिकवत होता, तरी ताईच्या तोंडी तो अजून 'बाळ'च होता. गल्लीतली माणसं तिला देवमाणूस म्हणत... आणि ते ऐकताना किती गोड वाटायचं, हे तिने स्वतःलासुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

मग सात महिन्यांपूर्वी ते पहिलं पत्र आलं. अपंग माणसाला संस्थेत टाकायचं नाही, घरच्यांच्या दयेवरही ठेवायचं नाही. त्याच्याच वस्तीत, त्याच्या पसंतीच्या जागेत राहता यावं म्हणून सरकार मदतनीस देईल, असं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या अर्जानुसार'. आपल्या अर्जानुसार! तिला न विचारता, तिच्या पाठीमागे! तिच्या काळजात कळ उठली, आणि हाताने आपोआप खण उघडला.

"आज उत्तर मिळालं नाही तर प्रकरण बंद करावं लागेल," बाई धाकट्याला म्हणाल्या. "पत्रं मिळाली का तुम्हाला?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताईने जमिनीकडे. मग तो बोलू लागला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, मान झटके देत होती, मनाच्या घालमेलीने जीभ आणखीच अडत होती.

"माफ करा, मला नीट कळलं नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा सांगाल?"

त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही कळलं. घामाघूम होऊन तो ताईकडे वळला. "ताई... तू... सांग."

ताईला पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं. तो म्हणाला होता, "पत्रं मिळाली. मीच फाडायला लावली. मला ताईजवळच राहायचंय."

म्हणजे... म्हणजे त्याला ठाऊक होतं!

फक्त तीन वाक्यं. जशीच्या तशी सांगितली की फाइल मिटणार होती, बाई निघून जाणार होत्या आणि धाकटा कायमचा तिचाच राहणार होता. वर अब्रूही शाबूत! तिने तोंड उघडलं.

"तो म्हणतोय, पत्रं मिळाली... त्यानेच फाडायला लावली... त्याला माझ्याजवळ राहायचंय..." आणि तिचा आवाज फुटला. "खोटं आहे हो ते! माझ्यासाठी खोटं बोलतोय तो! पत्रं मी लपवली. मी!"

तिने खण ओढला. रिळं घरंगळत जमिनीवर गेली. ती दोन पत्रं तिने बाईंच्या हातात नाही, धाकट्याच्या मांडीवर ठेवली आणि तिथेच, त्याच्या पायांशी, मटकन खाली बसली.

"कधीपासून माहीत होतं रे तुला?"

"पहिल्या... पत्रापासून. आरशात... दिसलीस." गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लावलेल्या आरशाकडे त्याने मानेने खूण केली.

"सात महिने! आणि बोलला नाहीस?"

"तू माझ्यासाठी... एवढं केलंस. तुला... चोर... कसं म्हणू?"

शरमेने ताईचे कान तापले. त्याने ओरडायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या! त्यापेक्षा ही माया सोसणं किती अवघड! "मला भीती वाटली रे," ती पदरात तोंड लपवून म्हणाली. "तू गेल्यावर मी कोण उरणार? लोक मला चांगली म्हणतात ते तुझ्या जिवावर. तुझं करता करता मी तुलाच धरून ठेवलं... आणि त्याला त्याग म्हणत राहिले!"

बाईंनी फाइल मांडीवर घेतली. "आता सांगा," त्या धाकट्याला हळूच म्हणाल्या. "ताईंसाठी नाही, तुमच्यासाठी. काय हवंय?"

या वेळी शब्द सावकाश आले, पण बाईंना सगळे कळले. "माझी... खोली. माझं... दार. आणि ताई... पाहुणी."

दोन महिन्यांनी मागच्या गल्लीत तळमजल्यावरची एक खोली त्याच्या नावावर झाली. एक दांडगा, हसरा मदतनीस सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. धाकट्याला उचलण्याआधी तो दर वेळी "उचलू का?" असं विचारायचा. पहिल्या दिवशी ते ऐकून ताईची मान खाली गेली. बावीस वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही! सामान लावून ती मुकाट्याने घरी आली आणि आठवडाभर तिकडे फिरकली नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

मग रविवारी फोनवर त्याचा संदेश आला. 'चार वाजता चहाला ये.'

पावणेचारलाच ती त्याच्या दाराशी पोचली. सवयीने हात कडीकडे गेला... आणि तिने तो मागे घेतला. दारावर टकटक केली. उभ्या आयुष्यात धाकट्यासाठी तिने दार कधी वाजवलं नव्हतं.

आत चाकं करकरली. कशावर तरी आपटली. ढकलून आत धावावं, असं तिला वाटलं. तिने दोन्ही हात घट्ट एकमेकांत गुंतवले आणि उभी राहिली. पुन्हा चाकं. कडीशी चाललेली खटपट... एकदा, दोनदा, चारदा. ताईच्या गालांवरून आसवं ओघळत होती, पण तिचे पाय हलले नाहीत.

अखेर दार उघडलं. घामाने डबडबलेला धाकटा तोंडभर हसत समोर होता.

"उशीर... झाला," तो म्हणाला.

"झाला रे," ताई म्हणाली. "फार उशीर झाला. पण तो तुझ्याकडून नाही, माझ्याकडून झाला."

त्याने खुर्ची मागे घेऊन तिला वाट करून दिली.