खुर्चीतली रिकामी बाजू

दार लोटू नका, असू दे उघडं. वारा येतो, पण येऊ दे. दिवा जरा या बाजूला सरकवा आणि बसा निवांत.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गोष्ट रचून सांगणं आपल्याला जमत नाही. जसं झालं तसं, सावकाश सांगतो.

माझी सगळी हयात डोंगरावरच्या देवीच्या वाटेवर गेली. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीत बसवायचं, वर न्यायचं, दर्शन झालं की खाली आणायचं. डोली म्हणजे तरी काय, वेतानं विणलेली एक लाकडी खुर्ची आणि तिच्या दोन्ही अंगांना बांधलेले लांब बांबू. एक गडी वरच्या बाजूला, एक खालच्या. मी कायम वरचा. आमच्या खुर्चीत बसणाऱ्याचं तोंड नेहमी उताराकडे असायचं. समोर चढण दिसली की माणसाची छाती दडपते ना, म्हणून. खालच्या गड्याला खुर्चीमुळे पुढची वाट दिसत नाही. मग वरच्यानं ओरडायचं, ‘पायरी’, ‘वळण’, ‘ओल’, आणि खालच्यानं ‘हं’ म्हणायचं. विसावा घेतल्यावर पुन्हा निघायचं असलं की खालचा बांबूवर बोटं वाजवतो, टक टक, की दोघांनी एकदम उचलायचं. आणि एक नियम अगदी पक्का. चालताना वरच्यानं मान मागे वळवायची नाही. मान वळली की खांदा वळतो, आणि खांदा वळला की खुर्ची दरीत.

इतक्या लोकांना वर नेलं, पण घरचीला कधी नेलं नाही. तरणी होती तेव्हा ती माझ्याही पुढे चढायची. नंतर गुडघे गेले, तरी डोलीत बसेना. म्हणायची, “नवऱ्याच्या खांद्यावर बसून गेले, तर देवी हसेल मला.” मग डोळे जायला लागले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, आता हे थांबायचं नाही, जे बघायचं ते बघून घ्या. घरी आल्यावर ती बराच वेळ भांडी पुसत बसली. पुसलेलीच पुन्हा पुसत होती. मग म्हणाली, “अहो, देवीचा चेहरा एकदा नीट बघायचाय. मग अंधार झाला तरी माझी तक्रार नाही.”

त्या दिवशी तिचा काय उत्साह सांगू! लग्नातलं लुगडं काढलं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, खालच्या बाजूला होता. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण त्याचं तोंड बंद व्हायचं बटण कुणाला सापडलेलं नाही.

“ताई, घट्ट धर. दाजी म्हातारे झालेत, मधेच सोडतील.”

“सोडतील कशाला? इतकी वर्षं सोडलं नाही ते.”

“अगं, तेव्हा तू जमिनीवर होतीस!”

ती खळखळून हसली. मलाही हुरूप आला. पाय आपोआप पडत होते.

दुपार असेल. अर्ध्या वाटेवर पाणी ठिबकतं, तिथं आम्ही खुर्ची टेकवली. तेवढ्यात ढग उतरला. दाट, पांढरा, ओल्या दगडाच्या वासाचा. रेडिओ म्हणाला, “दाजी, घोटभर पाणी पिऊन येतो.” मी वर तोंड करून उभा. जरा वेळानं बांबूवर वाजलं, टक टक. मी खांदा दिला आणि निघालो.

थोडं चढलो आणि लक्षात आलं, ओझंच नाही. पिसासारखी खुर्ची. आणि रेडिओ गप्प.

“पायरी,” मी म्हणालो.

“हं.”

आवाज बारीक होता. म्हटलं, दमला असेल. पण त्याच्या वहाणा करकरतात, त्या वाजेनात. अनवाणी, ओल्या पावलांचा आवाज येत होता. आणि मागचा आता माझ्या हाकेची वाटही बघेना. ढगात मलाच वळण दिसलं नव्हतं, आणि मागून आवाज आला, “वळण…”

अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगू? भीतीचा नव्हता. छाती नुसती धडधडत होती आनंदानं. म्हटलं, इतकी वर्षं देवीच्या दारात माणसं आणून सोडली, आज तिनं स्वतः खांदा दिला! घरची मागे कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, हसत होती, नव्या मैत्रिणीशी बोलावं तशी.

“कुणाशी बोलतेस गं?”

“तुम्ही समोर बघा,” ती म्हणाली. आवाजात नुसता आनंद होता.

मी वळलो नाही. नियम तो नियम.

वर खुर्ची टेकली, मग वळलो. मागे कुणीच नव्हतं. बऱ्याच वेळानं रेडिओ धापा टाकत आला, पांढराफटक. “दाजी, मला सोडून कसे आलात? पाणी पिऊन वळतोय, तर खुर्ची नाही! उचलली कुणी?”

घरची हसली. “कुणी म्हणजे? तिनंच. समोरासमोर बघितलं मी तिला, या डोळ्यांनी. नीट.”

आम्ही दोघांनी तिला धरून देवळात नेलं. मला तर नाचावंसं वाटत होतं. पुजाऱ्यानं दिवा देवीच्या तोंडाशी धरला. घरची पुढे वाकली. अगदी जवळ गेली. डोळे बारीक करून खूप वेळ बघत राहिली. मग माझ्या मनगटावरचा तिचा हात गार पडत गेला.

“अहो…”

“काय गं?”

“ही ती नाही.”

दिव्याची वात चरचरली. ती माझ्या कानाशी आली. “तिनं मला विचारलं, उतरताना तुझ्याशेजारी जागा देशील का… मला वाटलं देवीच. मी म्हटलं, जागा काय मागतेस बाई, घरीच चल की.”

उतरायला लागलो. खुर्ची इतकी जड की बांबू कण्हत होते. शेवटी रेडिओ पुढून म्हणाला, “ताई, देऊळच उचलून आणलंस का गं?” पण त्याचं त्यालाच हसू आलं नाही. उतरताना मी मागे असतो, मला तिची पाठ दिसते. ती खुर्चीच्या एका कडेला अंग चोरून बसली होती. दुसरी बाजू रिकामी होती. आणि तिथला वेत खाली दबला होता.

पुढे तिची नजर पुरती गेली. आता मी पुढे चालतो, ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे येते. दाराशी आलो की मी म्हणतो, “उंबरा.” ती म्हणते, “हं.” सवयीचं झालंय.

परवा अंगणातून आत येत होतो. खांद्यावर हात होता. “उंबरा,” मी म्हणालो. “हं,” मागून आलं. आणि आतून, पलंगावरून, घरचीनं विचारलं, “आलात का हो?”

मी मान वळवली नाही.

दार उघडं का ठेवतो, ते यासाठी. लावलं की थोड्या वेळानं चौकटीवर वाजतं, टक टक. आणि ही, दिसत काही नसताना, गालात हसते आणि पलंगावर जरा बाजूला सरकते.