सातव्या नंबरची जागा

'क्लॅरिस हॅडली' असं लिहिलेला पुठ्ठा छातीशी धरून तो तरुण घडीच्या स्टुलावर बसला होता, आणि वॉशिंग्टनचा एप्रिलमधला पाऊस जणू एकट्या त्याच्याच छत्रीवर सूड उगवत होता.

"मीच क्लॅरिस."

"पुरावा?"

"अहो, या जागेचे पैसे आमच्या ऑफिसनं भरलेत!"

"ते जागेचे झाले. क्लॅरिस म्हणजे मला वाटलं, जाड चष्म्याच्या, चार मांजरं पाळलेल्या कुणी बाई असतील. तुम्ही तर..." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं छत्री पुढे केली. "तुम्ही तर भिजताय."

ओडेल प्रुइट त्याचं नाव. काम म्हणाल तर रांगेत बसणं. सेनेटच्या त्या समितीच्या खोलीत लोकांसाठी मोजून चौदा खुर्च्या. रांगेत जो पुढे तो आत. ज्यांना लवकर उठायचा कंटाळा, पण पैसे मोजायचा नाही, त्यांच्यासाठी ओडेल उजाडायच्या आत जागा धरून बसे. क्लॅरिस बँकांची वकिली करणाऱ्या कचेरीतली. दहाला पाच कमी असताना तिनं यायचं, त्यानं उठायचं, तिनं आत जायचं. आतला गालिचा असा मऊ, की एक सेनेटर त्यात रुतून दोन अधिवेशनं सापडले नव्हते म्हणतात.

क्रेडिट कार्डाच्या गिऱ्हाइकांना संरक्षण देणारा कायदा तेव्हा समितीपुढे होता, आणि दर मंगळवारी इंच-इंच सरकत होता. प्रेम जमायला इतका वेळ सरकार सहसा कुणाला देत नाही!

चौथ्या मंगळवारी ती साडेआठलाच आली. हातात कॉफीचे दोन पेले.

"बाईसाहेब, आज लवकर?"

"घड्याळ पुढे गेलंय."

"कितीनं?"

"दीड तासानं."

"दुरुस्त करू नका हं..." तो म्हणाला. पेला घेताना त्याची गार बोटं तिच्या बोटांवर क्षणभर — जरा जास्तच क्षणभर — रेंगाळली.

सहावा मंगळवार कलमांवर मतं घ्यायचा. ओडेल सातव्या नंबरवर होता. क्लॅरिस आली, तर त्याच्या शेजारी जांभळी टोपी घातलेल्या एक बाई उभ्या. काखेत केकचा डबा, डोळ्यांत रात्रभराच्या बसचं जागरण.

"माझा ओडेल सेनेटमध्ये कामाला आहे," त्या मागच्या माणसाला सांगत होत्या. "बघा, आईसाठी जागा धरून ठेवलीन!"

ओडेलच्या तोंडचं पाणी पळालं.

ओडेलची आई, व्हर्निसबाई, ओहायोतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबत. फोनचं बिल एक दिवस उशिरा भरलं, तर बँकेनं कार्डावरचं व्याज नऊ टक्क्यांचं एकोणतीस केलं, तेही न सांगता. त्यांनी समितीला पत्र लिहिलं. 'आधी कळवल्याशिवाय व्याज वाढवता येणार नाही' असं एक वाक्य कायद्याच्या मसुद्यात आलं. ते मंजूर होताना कानांनी ऐकायला त्या आल्या होत्या, आणि हे सगळं रांगेला सांगूनही झालं होतं.

"आई," ओडेल पुटपुटला, "ही जागा... यांची आहे. मी विकलीय."

दार उघडलं. रखवालदार माणसं मोजू लागला. क्लॅरिसनं व्हर्निसबाईंच्या टोपीकडे पाहिलं, ओडेलकडे पाहवलं नाही — आणि ती आत गेली.

हो, गेली. बगलेतल्या फाइलमधला एक कागद पोचवायचा होता ना! मागच्याच आठवड्यात तिनं एका सेनेटरच्या निवडणूक निधीसाठी न्याहारी ठरवली होती. ताटाला हजार डॉलर, आणि अंडी गार. त्याच सेनेटरचा मदतनीस आता हात पुढे करून उभा होता. तिनं सवयीनं कागद दिला. तो तिनंच टाइप केलेला. त्यात एकच ओळ होती: अमुक वाक्य वगळावं. कोणतं वाक्य, ते तिला आता आठवलं.

कान तापले. खुर्चीत जेमतेम टेकलेली ती ताडकन उठून बाहेर आली.

"माझी खुर्ची रिकामी आहे. या बाईंना सोडा."

व्हर्निसबाई आत गेल्या. नेमक्या वेळेवर गेल्या.

बाहेर दोघं भिंतीला टेकून उभी.

दहा मिनिटांत जांभळी टोपी परतली. "ऐकलं. माझं वाक्य वाचलं आणि खोडलं. एवढ्या वेळात माझं अंडंसुद्धा फुटत नाही."

"ते खोडायला सांगणारा कागद मी टाइप केला होता," क्लॅरिस म्हणाली. "आणि तो मीच दिला... आत्ता."

व्हर्निसबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे पोरानं जागा विकली आणि हिनं वाक्य. बरं जमलंय तुमचं!" त्यांनी डबा उघडला, पहिला तुकडा रखवालदाराला दिला, मग या दोघांपुढे धरला. "खा. रिकाम्या पोटी लाज फार लागते."

केक लिंबाचा होता. क्लॅरिसनं तुकडा हातातच धरला. "सगळ्या सेनेटपुढे कायदा जाईल," ती म्हणाली. "तिथे ते वाक्य परत घालता येतं. कुणी मागणी केली तर."

"मग मी परत येईन," व्हर्निसबाई म्हणाल्या.

ओडेलनं स्टुलाची घडी घातली.

कायदा सगळ्या सेनेटपुढे आला त्या दिवशी प्रेक्षकांच्या गॅलरीसाठीची रांग खालच्या दारापासून लागायची होती. पाऊस होताच. ओडेल उजाडायच्या आत पोचला, तर या धंद्यात सहा वर्षांत न घडलेलं घडलं होतं: कुणीतरी त्याच्याही आधी बसलं होतं. नवं कोरं स्टूल, भिजून चिकटलेले केस, छातीशी पुठ्ठा. त्यावर नाव — व्हर्निस प्रुइट.

ओडेलच्या हातातल्या पुठ्ठ्यावरही तेच नाव होतं.

"तुमची कचेरी?" त्यानं विचारलं.

"सोडली. चार मांजरं घ्यायचा विचार आहे."

"आणि व्हर्निस प्रुइट तुम्हीच, याला पुरावा?"

"नाहीये..." तिनं मान खाली घातली. "ओडेल, मला अजून लाज वाटते. तुझ्याकडे बघताना तर फारच. आणि तरी सारखं तुझ्याकडेच बघावंसं वाटतं — आता काय करू?"

त्यानं आपला पुठ्ठा दुमडून खिशात घातला आणि छत्री दोघांवर धरली.

"मलाही वाटते," तो म्हणाला. "सरक जरा."

आईची बस यायला अजून तीन तास होते. स्टूल एकाचंच होतं, पण ती सरकली.