बिडाचा तवा

ओडीलने स्वयंपाकघरात थैली पुन्हा उपसली आणि पुन्हा भरली. कनू, म्हणजे हलकी होडी, घेऊन एकटीने निघायचं, तर दोन तळ्यांमधली प्रत्येक पायवाट ओझं घेऊन दोनदा तुडवावी लागते. आधी थैली पलीकडे ठेवून यायची, मग होडी डोक्यावर घेऊन जायची. त्यात तिचा गुडघा दुखरा.

"त्याचा तवा तरी ने गं," नणंद फ्लोरेट दारातून म्हणाली. "लेआंद्र असता तर..."

"असता तर तवा, कुऱ्हाड, सगळं माझ्याच पाठीवर आलं असतं. जन्मभर नवऱ्याच्या हौसेची हमाली केली, वन्सं. आता माझं मी बघते."

लेआंद्रला जाऊन वर्षही झालं नव्हतं. ओडीलने तवा खुंटीवरच ठेवला.

पहिली पायवाट हलक्या पाठीने पार पडली. दुसरीवर थैलीचा कपाळपट्टा मानेला हिसडे देऊ लागला. पलीकडे पोचल्यावर तिने थैली उघडली, तर तळाशी तवा. ही फ्लोरेटचीच चलाखी, असं समजून तिने तो चिडून तळ्यात भिरकावला आणि होडी आणायला मागे फिरली.

तिसऱ्या पायवाटेवर थैली आणखी जड झाली. आत तोच तवा होता, ओला, शेवाळ लागलेला. शेजारी कुऱ्हाड. झाडीतून तळलेल्या चरबीचा वास येत होता.

ओडीलला भीतीआधी संताप आला.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी मेल्यावरही गेली नाही. मला एकटीला जाऊ दे रे, लेआंद्र... एकदा तरी."

तिने दोन्ही वस्तू पाण्यात टाकल्या. पाठीमागे कोणीतरी ओझं सावरताना टाकतं तसा लांब सुस्कारा ऐकू आला. तिने वळून पाहिलं नाही.

शेवटच्या पायवाटेपलीकडच्या तळ्यावर सकाळी तिला न्यायला विमान उतरणार होतं. दातओठ खात तिने थैली पलीकडे टाकली. होडी उचलायला परतली, तेव्हा बर्फाळ पाऊस सुरू झाला, आणि काठावर पाय घसरून ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली. कोरडे कपडे थैलीत होते. त्यांच्याशिवाय रात्र निघणार नव्हती.

दात वाजवत, होडी पेलत ती पलीकडे आली. थैली उचलली, तर फुलासारखी हलकी.

"ऐकलंस एकदाचं," ती पुटपुटली आणि बंद सोडले.

तंबू नव्हता. पांघरूण नव्हतं. तिचं एकही कापड नव्हतं. तळाशी फक्त लेआंद्रचा जाड स्वेटर होता, ज्यात त्याला पुरलं होतं तो.

रडू आवरत तिने तो हातात धरून ठेवला. बोटं बधिर होत चालली होती. शेवटी ओले कपडे काढून तिने स्वेटर अंगात चढवला.

आतून तो गरम होता, आणि काखेत ताज्या घामाने ओला.